चादरीच्या दुकानात व्हॉट्सॲप बिझनेस

सोलापूरच्या कापडबाजारातल्या, म्हणजे चाटी गल्लीतल्या ओळखीच्या दुकानदारांपैकी कुणी ना कुणी मला विचारतंच, "वहिनी, ते व्हॉट्सॲप बिझनेस घ्यावं का ओ? साधं व्हॉट्सॲप तर आहेच की मोबाईलमध्ये." माझं उत्तर ठरलेलं आहे. घ्या, पण जाहिरात करायची म्हणून घेऊ नका. एकदा दुकानाची पायरी चढून गेलेलं गिऱ्हाईक परत जोडून ठेवायला घ्या. नवं गिऱ्हाईक आणण्यात हे ॲप बेताचंच आहे. जुनं टिकवण्यात मात्र त्याच्या तोडीचं दुसरं काही मी वापरलेलं नाही. उभ्या उभ्या एवढंच सांगता येतं, म्हणून बाकीचं इथे सविस्तर लिहिते.

आमचं दुकान चादरी, टर्किश टॉवेल, नॅपकिन आणि सतरंज्यांचं. माल घरचा नाही. शहराच्या पूर्व भागातल्या आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखानदारांकडून येतो. सासरे, म्हणजे आमचे मामा, अजून रोज गादीवर बसतात. ऑर्डरी, पार्सल आणि मोबाईल माझ्याकडे. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक गावातलं, ज्याला आम्ही तीन पिढ्यांनी ओळखतो. दुसरं वाटेवरचं. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर असा देवदर्शनाचा फेरा करणारी माणसं सोलापुरात उतरतात, शेंगा चटणी घेतात, एखादी चादर घेतात आणि निघून जातात. नांदेडचं कुटुंब असो की हुबळीचं, चादर आवडली तरी पुन्हा मागवायची कशी हे त्यांना माहीत नसायचं. बिलावर लँडलाईन नंबर छापलेला असायचा, पण बिल जपून ठेवतो कोण? दुकानाची निम्मी विक्री अशी एकदाच भेटणाऱ्या माणसांना व्हायची. हे ॲप आल्यावर सगळ्यात मोठा फरक पडला तो या गिऱ्हाइकात.

आधी आम्ही जाहिरात करायचो ती अशी: दिवाळीच्या तोंडावर दैनिक 'संचार'मध्ये एक छोटी चौकट. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला होम मैदानाकडे हँडबिलं वाटायला दोन पोरं. लग्नसराईत रिक्षावर भोंगा. पेपरवाल्याला पैसे देऊन पेपरात घातलेली पत्रकं. मामांचा या सगळ्यावर विश्वास होता आणि तो चुकीचा नव्हता. पेपरात नाव आलं की गावात दुकानाची पत वाढते. आजही एखादा कारखानदार नव्या माणसाला उधारीवर माल देताना पेपरातल्या नावाचं वजन धरतो. अडचण वेगळी होती. कोण आलं ते पेपर बघून आलं की रस्त्याने जाता जाता शिरलं, हे कधी कळायचंच नाही. पैसे जायचे, विक्री व्हायची, पण दोघांचा संबंध कुणाला लावता यायचा नाही. आता गिऱ्हाईक मेसेजमध्येच लिहितं, "भावजयीकडे बघितली तीच मरून चादर पाहिजे." कुठून आलं, का आलं, काय पाहिजे, सगळं एका ओळीत.

हे ॲप २०१८ च्या जानेवारीत आलं आणि ते फुकट आहे. साध्या व्हॉट्सॲपसारखंच दिसतं, पण दुकानासाठी म्हणून चार-पाच गोष्टी जास्तीच्या आहेत. पत्ता, नकाशा आणि वेळा दाखवणारं दुकानाचं पान. मालाचा कॅटलॉग. तयार उत्तरं. गिऱ्हाइकाला लावायची लेबलं. दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप. दुकानाचं पान भरायला पाव तास पुरतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त साप्ताहिक सुट्टी नीट भरा. नाहीतर बंदच्या दिवशी लांबून आलेलं माणूस शटर बघून परत जाईल.

कॅटलॉग मात्र मनापासून भरावा लागतो. त्यात ५०० वस्तू बसतात आणि एकेका वस्तूला दहापर्यंत फोटो लावता येतात. आम्हाला एवढे कधी लागले नाहीत. पण चादरीचा एक फोटो काढणंही दिसतं तितकं सोपं नाही. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली मरून रंग चॉकलेटी येतो आणि मोरपंखी रंग काळपट. मी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या चादर बाहेरच्या ओट्यावर आणते. ऊन थेट पडायच्या आधीचा उजेड असतो, त्यात रंग जसा आहे तसा येतो. चादर पूर्ण पसरायची नाही. चौघडी करून एक कोपरा उलटा दुमडायचा, म्हणजे दोन्ही बाजू एकाच फोटोत दिसतात. खऱ्या जेकार्ड चादरीची ओळख तीच आहे. नक्षी विणीतच असते, छापलेली नसते, म्हणून जो मोर एका बाजूला पांढऱ्यावर मरून दिसतो तोच उलट्या बाजूला मरूनवर पांढरा दिसतो. छापील मालाची उलटी बाजू फिकट, नाहीतर कोरी. हा दुमडलेला कोपरा मी प्रत्येक फोटोत ठेवते.

दुसरं, वजन. चादर हातात घेतल्यावर जो भार जाणवतो तो फोटोत येत नाही. त्यावर मी एक उपाय काढला. छोटासा व्हिडिओ: चादर वजनकाट्यावर ठेवायची, आकडा दिसू द्यायचा, मग उचलून दोन्ही हातांनी ताणून दाखवायची आणि शेवटी बोटाने काठ उलटा करायचा. बोलायचं साधं, "ही सुलटी बाजू, ही उलटी, हे वजन, हा भाव." संगीत नाही, नाचणारी अक्षरं नाहीत. हा व्हिडिओ तयार करून ठेवला आणि "जाड आहे ना ओ?", "धुतल्यावर विरणार नाही ना?" हे प्रश्न बरेच कमी झाले.

हा खटाटोप करायला एक मोठं कारण आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, सोलापुरी टॉवेललाही आहे. तरी मोबाईलवर 'सोलापुरी चादर' शोधली की कुठे विणलं ते सांगता येणार नाही असा माल याच नावाने समोर येतो आणि तोही निम्म्या भावात. पडद्यावर सगळ्या चादरी सारख्याच चपट्या दिसतात. तिथे भाव सोडून माणसाच्या हाती निवडायला दुसरं काही राहत नाही. पूर्व भागात एकेक कारखाना कसातरी तगून आहे. तिथल्या कामगाराने यंत्रमागाच्या आवाजात दिवस काढून विणलेल्या चादरीची आणि छापील पॉलिस्टरची किंमत एकाच ओळीत लावली जाते, याचा मला राग येतो. आपला माल खरा असेल तर तो कसा ओळखायचा हे गिऱ्हाइकाला शिकवणं हीच आपली जाहिरात, असं माझं मत आहे. आणि त्यासाठी हे ॲप उत्तम आहे, कारण गिऱ्हाईक प्रश्न विचारू शकतं. पेपरातल्या चौकटीला कुणी प्रश्न विचारत नाही.

तयार उत्तरांबद्दल. तिरपी रेघ टाइप केली की आपण आधी लिहून ठेवलेला मजकूर समोर येतो. मी मापं, भाव, पार्सलचा खर्च आणि धुण्याच्या सूचना अशी उत्तरं मराठीत, हिंदीत आणि कन्नडमध्ये ठेवली आहेत. कन्नड मजकूर विजापूरच्या एका जुन्या व्यापाऱ्याने तपासून दिला. सोलापुरात हे लागतंच. एकाच तासात मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी अशा चारही भाषा कानावर पडतात. तेलुगूचं काम आवाजी निरोपावर चालतं. आमच्याकडचा माल काढणारा मुलगा घरी तेलुगू बोलतो, तो ऐकतो आणि आवाजातच उत्तर देतो. टाइप न येणाऱ्या बाया, मावश्या या आवाजी निरोपामुळे आमच्या थेट गिऱ्हाईक झाल्या. पूर्वी त्यांच्या वतीने घरातला मुलगा नाहीतर जावई बोलायचा. आता त्या स्वतः सांगतात, "मागच्या खेपेला पाठवलेला तो निळा नको बरं का, जरा उजळ पाठवा." या एका गोष्टीचं मला सगळ्यात जास्त समाधान आहे.

लेबलांचं काम थोडक्यात सांगते. 'पैसे यायचे', 'पार्सल गेलं', 'लग्नाची ऑर्डर', 'ठोक' अशी चार लेबलं आम्हाला पुरतात. आहेरासाठी टॉवेल-टोपी घेणाऱ्या घरांना 'लग्न' लेबल असतं. त्यांना पुढच्या सराईच्या आधी एकदा विचारते, बस्स.

आता ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच निरोप पुष्कळांना पाठवायची सोय. सगळे हिच्यासाठीच ॲप घेतात आणि सगळ्यात जास्त बिघडवतात तीही हीच. एका यादीत २५६ जण बसतात. आणि महत्त्वाचं म्हणजे ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये जपून ठेवला आहे, त्यांनाच तो निरोप पोहोचतो. पुष्कळ दुकानदार या अटीवर चिडतात. मला ती आवडते. ज्याला आपला नंबर ठेवावासा वाटला नाही त्याला आपण निरोप तरी का पाठवायचा? त्या अटीमुळे मी काउंटरवर एक साधी गोष्ट सुरू केली. बिल करताना विचारते, "ताई, नवा माल आला की फोटो पाठवू का? चालत असेल तर आमचा नंबर 'सोलापूर चादर' म्हणून ठेवा." काहीजणी नको म्हणतात. मग नको. होय म्हणणाऱ्या नंबर माझ्यासमोर साठवतात आणि मग त्यांचा निरोप सहा-सहा महिन्यांनी का होईना, येतोच.

पूर्वी लोक घाऊक एसएमएस पाठवायचे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१८ साली नियम कडक केले. पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना दोन्ही आधी नोंदवावं लागतं, म्हणून लहान दुकानदार त्या वाटेला जाईनासा झाला. मग तीच सवय व्हॉट्सॲपवर आली. गल्लीत एक माणूस पेनड्राईव्ह घेऊन फिरतो, त्यात सोलापूर जिल्ह्यातले नंबर आहेत म्हणे. एका एजन्सीनेही मला असाच 'डेटा' देऊ केला होता, पेठेनुसार वेगळा केलेला. मी विचारलं, या लोकांनी नंबर द्यायला कधी होकार दिला? उत्तर आलं नाही, मीही घेतला नाही. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला, त्याचा गाभाच संमती आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणून बघा. अनोळखी माणसाला रोज 'ऑफर' पाठवली की तो ब्लॉक करतो, तक्रार करतो. तक्रारी वाढल्या की नंबरच बंद होऊ शकतो. आणि ज्या नंबरवर सगळी गिऱ्हाइकं आहेत तो नंबर गेला तर दुकानाचा निम्मा धंदा गेला.

मी किती वेळा पाठवते? नवा माल आला तर आणि सणाच्या आधी. 'शुभ सकाळ' कधीच नाही. रोजचा फोटो टाकायचा असेल तर स्टेटस आहे. तो चोवीस तासांत जातो, ज्याला बघायचं तो बघतो आणि कुणाच्या दारात आपण उभे राहत नाही. स्टेटसवर मी रंग टाकते आणि खाली एवढंच लिहिते: आज आलेला माल.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर पैसे भरून जाहिरात टाकता येते. तिच्यावर बोट ठेवलं की थेट आपल्या व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू होतं. हेही वापरलं. 'भाव सांगा' म्हणून पुष्कळ निरोप येतात आणि भाव सांगितला की पुढचा माणूस गप्प. पण एक गोष्ट फळली. जाहिरात कुठे दिसावी ते निवडता येतं. महाराष्ट्रभर दाखवण्यापेक्षा मी पुण्यात हडपसर आणि पिंपरी-चिंचवडच्या बाजूला दाखवली, कारण नोकरीसाठी गेलेली आपली माणसं तिकडे भरपूर आहेत. मजकूर लिहिला: सोलापूरची चादर, चाटी गल्लीतून थेट. ज्यांना चाटी गल्ली म्हणजे काय हे ठाऊक आहे तेच बोलले आणि बोललेल्यांपैकी बऱ्याच जणांनी घेतली. पेपरात ही सोय कधीच नव्हती. सोलापूर आवृत्ती घेतली तर पुण्यातला सोलापूरकर हाती लागायचा नाही.

रीलवाल्यांबद्दलही सांगते, कारण तेही विचारलं जातं. खाण्याच्या गाड्या, हुर्डा पार्ट्या, कपड्यांची दुकानं यांची रील करणारी मुलं आता गावोगावी आहेत. सोलापुरातही आहेत आणि त्यांतली काही खरोखर मेहनती आहेत. एकजण आमच्याकडे आला. त्याला पैसे आणि दोन चादरी हव्या होत्या. मी हो म्हटलं, फक्त एक अट घातली, की रीलवर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहायचं. ग्राहक व्यवहार खात्याच्या २०२३ च्या सूचना आणि जाहिरात मानक परिषदेचे २०२१ चे नियम हेच सांगतात, पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर तसं दाखवा. तो म्हणाला, "ताई, तसं लिहिलं की लोक बघत नाहीत." आमचा सौदा तिथेच संपला. लोक विश्वासाने बघतात तो विश्वास विकत घेऊन वापरायचा आणि वर ते लपवायचं, हे मला पटत नाही.

आता ॲप कुठे कमी पडतं ते. स्पर्श येत नाही, हे झालंच. दुसरं, एका मोबाईलला आणखी चार उपकरणं जोडता येतात, पण कुणी कुणाला काय उत्तर दिलं याचा ताळमेळ आपल्यालाच ठेवावा लागतो. दुकानात दोनच माणसं उत्तर देत असतील तर निभतं, मोठ्या पेढीला हे ॲप अपुरं पडेल. त्यांच्यासाठी पैसे भरून वापरायची वेगळी सेवा आहे.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. सगळा संवाद एका परदेशी कंपनीच्या हातात आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदमच जगभर सहाएक तास बंद पडलं होतं. भारतात रात्रीची वेळ होती म्हणून दुकानदारीला धक्का कमी बसला. तेच भर दिवाळीत दुपारी झालं तर? म्हणून आमच्याकडे एक जाड वही आहे. नाव, गाव, नंबर, काय नेलं. मामा रोज संध्याकाळी ती स्वतः लिहितात. ॲपमधली यादी कंपनीची, वहीतली यादी आपली. पेपरची चौकटही मी पूर्ण सोडलेली नाही. दिवाळीला अजून देते आणि तिच्यात आता क्यूआर कोड छापते. पेपर वाचणारे काका तो मोबाईलवर धरतात आणि निरोप आमच्याकडे येतो. पेपर आणि मोबाईल एकमेकांचे वैरी आहेत असं मला आमच्या धंद्यात तरी दिसलं नाही.

पैशांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. यूपीआयने पैसे भरल्याचा खोटा फोटो पाठवून माल मागणारे असतात. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या फोटोवर पार्सल सोडू नका. स्वतःच्या खात्यात रक्कम दिसली की मगच ट्रान्सपोर्टला द्या. आमच्याकडच्या माल काढणाऱ्या मुलाला हे पहिल्या दिवशीच सांगितलंय आणि तो साहेब म्हणवणाऱ्या माणसालाही नम्रपणे थांबवतो, "जमा दिसू द्या की साहेब, मग लगेच पाठवतो."

सुरू करायचं असेल तर घरच्या नंबरवर करू नका. दुकानाचा लँडलाईन नंबर चालतो, त्याची पडताळणी फोन कॉलवर होते. आम्ही तेच केलं, म्हणून तीस-तीस वर्षं बिलावर छापला गेलेला नंबर आणि व्हॉट्सॲपचा नंबर एकच राहिला. लँडलाईन नसेल तर वेगळं सिम घ्या आणि ते मालकाच्याच नावावर घ्या. नोकराच्या सिमवर दुकान चालवलं आणि तो दुसरीकडे गेला, की गिऱ्हाइकं त्याच्यासोबत जातात. सेटिंगमध्ये जाऊन सहा आकड्यांचा पिन लावा आणि तो वहीच्या पहिल्या पानावर नाही, घरातल्या कपाटात ठेवा. कॅटलॉगमध्ये आधी फक्त सगळ्यात जास्त विकला जाणारा माल टाका, भाव लिहूनच टाका. 'भावासाठी संपर्क करा' असं लिहिलं की निम्मी माणसं विचारायलाच येत नाहीत.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो यादी परक्याच्या हातात आहे म्हणून. चाटी गल्लीतल्या कुणाला फोटो कसा काढायचा ते बघायचं असेल तर सकाळी दुकान उघडताना या, ओट्यावर चादर मांडलेलीच असते.